रविवारचे प्रवासी

दोह्यातलं आमचं ऑफिस सरकत्या जिन्यांच्या आणि लिफ्टच्या देखभालीची कामं घेतं. सुट्या भागांचा साठा मी सांभाळतो. समोरच्या टेबलावरचा जपानी इंजिनीअर कुठला भाग बदलायचा ते ठरवतो, म्हणून आमचं रोज थोडं भांडण होतं आणि दुपारी दोघं एकत्र जेवतो. तो माझ्याहून वर्षा-दोन वर्षांनी मोठा आहे. बोलतो मोजकं, इंग्रजीत. पण त्याच्या गावाकडच्या रेल्वे जंक्शनचा विषय निघाला की त्याचं जेवण थंड होतं.

त्याचे वडील त्या स्टेशनवर सांधेवाले होते, म्हणजे गाडी कुठल्या रुळावर घ्यायची त्याचा सांधा बदलणारे. स्टेशन आडगावचं, पण तिथून मुख्य मार्गाला एक फाटा फुटून डोंगरात जातो. फाटा बांधला लाकडासाठी. वरून ओंडके येत आणि जंक्शनवर मोठ्या गाड्यांना जोडले जात. कोळशाच्या इंजिनांची शेड होती, इंजिन उलटं फिरवायची गोल चकती होती. एक्सप्रेस थांबली की खिडकीतून जेवणाचे डबे विकत. मग जंगलतोड थांबली, पुढे महामार्ग आला आणि एक्सप्रेस थांबेनाशी झाली. शेड पाडून मोटारींचा तळ केला. तिकिटाच्या खिडकीवरचा माणूस गेला आणि यंत्र आलं. आता एवढ्या लांब फलाटावर दोन डब्यांची गाडी उभी राहते, ती कुठे थांबणार याची खूण फलाटावर रंगवून ठेवावी लागते. हे सगळं तो बिघाडाचा अहवाल वाचावा तसं सांगायचा.

त्याची आई फाट्याच्या शेवटच्या गावी एकटी राहते. तिची मूत्रपिंडं निकामी झाली आहेत. आठवड्यातून तीनदा डायलिसिससाठी ती गाडीने जंक्शनच्या इस्पितळात येते. गेल्या वर्षी रेल्वे कंपनीने कळवलं की फाट्यावर प्रवासी नाहीत, तो बंद करून बस सोडणार. बसचा रस्ता घाटातला, आणि बर्फ पडला की तो बंद होतो. गाडीपुढे बर्फ कापणारं इंजिन चालतं, बसपुढे काही नाही. डायलिसिस तर बर्फासाठी थांबत नाही. फाटा गेला तर आईला घर सोडावं लागणार होतं, आणि वडिलांनी निवृत्तीनंतर स्वतः बांधलेल्या त्या घरातून ती हलायला तयार नव्हती.

गावकऱ्यांनी समिती केली. फाटा वाचवायचा तर गाडीत बसायचं, असं ठरलं. म्हातारी माणसं काही काम नसताना जंक्शनपर्यंत जायची, फलाटावरच्या टपरीवर उभ्याने नूडल्स खायची आणि परतीच्या गाडीने घरी. हे वर्षभर चाललं. शेवटच्या बैठकीत कंपनीपुढे मांडायला समितीला एक तक्ता हवा होता. इंजिनीअरने कंपनीच्या मोजणीचे आकडे माझ्यापुढे ठेवले. म्हणाला, तुम्हाला यातलं कळतं.

ओल्ड एअरपोर्ट भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये शुक्रवारची दुपार मी त्यात घालवली. बायको म्हणाली, "आपल्या गावची एसटी बंद झाली तेव्हा नाही बनवलात असला तक्ता." ती बंद झाल्याचं मला शेजाऱ्याच्या व्हॉट्सॲपवरून कळलं होतं. आमची निम्मी वाडी इथेच दोह्यात, मुंतझा नाहीतर मुऐदरला राहते. एसटीत बसायला उरलं होतं कोण? मुलीने वाकून बघितलं, "बाबा, दिस लाइन इज फ्लॅट," म्हणाली आणि निघून गेली.

रेघ खरंच सपाट होती. समितीचे लोक वर्षभर प्रवास करत होते, आणि कंपनीच्या मोजणीत एक माणूस वाढला नव्हता. बेरीज मी पुन्हा केली. चूक सापडेना, तेव्हा रविवारी, इथला आठवडा सुरू होतो त्या दिवशी, ऑफिसात त्याला विचारलं, "तुमचे लोक कुठल्या वारी बसायचे?"

त्याला माहीत नव्हतं. त्याने तिथल्या तिथे आईला फोन लावला. बराच वेळ नुसतं ऐकत राहिला आणि फोन ठेवून म्हणाला, "रविवारी."

इतर दिवशी सकाळच्या गाडीला शाळेची मुलं असतात आणि आईसारखे आजारी लोक. आपण उगाच फिरायला निघालेले, त्यांच्या जागा कशाला अडवायच्या, म्हणून सगळ्यांनी आपसात रविवार ठरवला होता. कंपनीची माणसं डब्यात उभी राहून डोकी मोजत ती कामाच्या दिवशी. रविवारी कोणी मोजतच नव्हतं.

मी तक्ता केला, पण आकडे होते तेच ठेवले. दुसरं काय करणार? समितीने पुन्हा मोजणी मागितली. कंपनीने अतिशय नम्र उत्तर दिलं की निर्णय झाला आहे, हिवाळ्यानंतर फाटा बंद होईल. आई फोनवर रागावली नाही, असं तो म्हणाला. फक्त म्हणाली, "इतर दिवशी बसायला हवं होतं आम्ही."

ऑफिसातल्या एका केरळी मित्राने त्याला इन्शाल्ला काहीतरी मार्ग निघेल असं सांगितलं. त्याने वाकून आभार मानले. मला तेवढंही सांगता येईना, कारण आकडे मी पाहिले होते.

हिवाळा सरता सरता तो आठवडाभर गावी जाऊन आला. जंक्शनजवळच्या वृद्धाश्रमात आईसाठी खोली घेतली होती. सामान हलवायच्या आधी एक दिवस तो तिच्याबरोबर गाडीने इस्पितळात गेला. कामाचा दिवस होता आणि डबा खच्चून भरला होता. फाटा बंद होणार हे कळल्यावर लांबलांबच्या शहरांतून रेल्वेचे शौकीन कॅमेरे घेऊन आले होते. मरणारा मार्ग त्यांना एकदा बघायचा होता. जागा सगळ्या त्यांनी धरलेल्या. आई जंक्शनपर्यंत दांड्याला धरून उभी होती.

"कोणी उठलं नाही?" मी विचारलं.

"तिने मला कोणाला सांगू दिलं नाही," तो म्हणाला. "म्हणाली, लांबून आलेत."