हजेरीतली हौसा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही. भोरच्या कोर्टात उभा राहिलो तेव्हा, जिथं सांगायचं होतं, तिथं तर नाहीच. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखीच्या माणसासमोर जीभ उचलत नाही.

मी प्राथमिक शिक्षक आहे. निवृत्तीला सहा वर्षं राहिलीत. मधली काही वर्षं मी भाटघर धरणाच्या वरच्या अंगाला, वेल्ह्याच्या हद्दीला टेकलेल्या एका शाळेत होतो. पाण्याच्या कडेनं एसटी जाईल तिथवर जायचं, उतरून तासभर चढायचं. शाळेच्याही वर धनगरांची वाडी. दर उन्हाळ्यात तिथं घरोघर जाऊन पट भरायचा – कुणाचं मूल शाळेत घालण्याजोगं झालंय ते बघायचं, आईबापांना विचारून नाव लिहायचं. पट कमी पडला की शाळा बंद होणार, ही भीती होती. पण खरं सांगू? भीतीपेक्षा चढाचा कंटाळा मोठा होता. त्या साली मी वाडीवर गेलोच नाही. अंगणवाडीची जुनी यादी घेतली आणि सावलीत बसून शाळेच्या मोठ्या रजिस्टरात उतरवली.

त्या यादीत हौसा होती. मारुती धनगराची थोरली मुलगी. ती आदल्या पावसाळ्यात तापानं गेली होती. मला माहीत नव्हतं. पण माहीत असणं हेच माझं काम नव्हतं का?

शाळा उघडली तेव्हा मारुती धाकटीला बोटाला धरून आला. रेणुका. जेमतेम चार वर्षांची. म्हणाला, "एवढीच उरलीया गुरुजी. हिलाच घ्या."

तेव्हा कळलं. रजिस्टरातलं नाव खोडायचं तर वर खुलासा द्यायचा, आणि खुलासा दिला की न जाता पट भरल्याचं उघडं पडणार. तशी न बघता लिहिलेली आणखी दोन नावं होती. मी मारुतीला म्हणालो, "कागदावर हौसाच राहू दे. कागदाला काय कळतंय?"

तो बराच वेळ रजिस्टराकडं बघत राहिला. वाचता येत नव्हतं त्याला. मग म्हणाला, "तुमाला कळतंय ते बराबर. आमी मेंढरामागची मानसं."

अशी रेणुका हौसा झाली. वय दोन वर्षांनी वाढलं. हजेरीला मी हौसा म्हणायचो आणि ती उभी राहून "हजर" म्हणायची. पण त्याआधी दर वेळी मागं वळून बघायची. थोरली आलीय का ते बघायची, हे मला कळत होतं. एकदा तिची आई, पारूबाई, शाळेत दूध घेऊन आली तेव्हा हजेरी चालू होती. मी नाव घेतलं. आतून "हजर" आलं. पारूबाईनं तांब्या उंबऱ्यावर ठेवला आणि तशीच माघारी गेली. पुन्हा कधी शाळेत आली नाही. तांब्याही न्यायला आली नाही.

पण मला सांगायचंय ते हेही नाही. बघा, अजून वळसेच घेतोय.

पुढं माझी बदली किकवीकडं झाली. रेणुका भोरला वसतिगृहात राहून बारावी झाली. नर्सिंगला जायचं होतं तिला. कागद तपासताना अडकलं – जन्मदाखला रेणुकाचा, शाळेचा दाखला हौसाचा, आणि ग्रामपंचायतीत हौसाच्या मृत्यूची नोंद. प्रवेशाचे कागद तपासणारा बाबू हसत म्हणाला म्हणे, "तू मेलीयस का जिती हायस, ते आधी ठरवून ये."

शाळा सोडल्यावर नाव बदलणं शाळेच्या हातात राहत नाही. कोर्टाचा हुकूम लागतो. वकील, स्टॅम्प, प्रतिज्ञापत्र, पेपरातली जाहिरात, आणि तारखेमागून तारीख. मारुतीनं मेंढरं विकली. किती, ते मी विचारलं नाही.

वकिलानं सांगितलं होतं, गुरुजी साक्षीला आले की काम झालं. मारुती माझ्या घरी आला, पायरीवरच बसला. "तुमी फकस्त झालं तसं सांगा गुरुजी. तुमचा शब्द कोन मोडतंय?" मी येतो म्हणालो. खरंच बोलायचं ठरवून गेलो होतो – असं मी आजवर स्वतःला सांगत आलोय.

शपथ घेतली. प्रश्न आला, रजिस्टरात हे नाव कुणाच्या सांगण्यावरून लिहिलं? एका वाक्याचं काम होतं. मला चौकशी दिसली, अडकलेली पेन्शन दिसली, स्टाफरूममधली तोंडं दिसली. मी म्हणालो, "वडिलांनी सांगितलं तसं लिहिलं." आवाजसुद्धा हलला नाही.

मागच्या बाकावर रेणुका उठून उभी राहिली. शिपायानं तिला खाली बसवलं.

मग मारुतीला बोलावलं. मला वाटलं, आता हा मला उघडा पाडणार. पाडावं असंही वाटलं का? माहीत नाही. त्यानं माझ्याकडं बघितलं – रागानं नाही, काहीतरी आठवत असल्यासारखं. आणि म्हणाला, "गुरुजी म्हनत्यात तर म्याच सांगितलं आसंल, सायेब. ते कशापायी खोटं बोलतील?"

वकिलानं कपाळाला हात लावला. मी तेव्हाही गप्प होतो. तेव्हा तरी बोलायला काय झालं होतं?

साक्षीदाराचा भत्ता, ज्यानं बोलावलं त्यानं भरायचा असतो. मारुतीनं भरला होता. कारकुनानं कागद पुढं केला, मी सही केली आणि पैसे खिशात घातले. बाहेर रेणुका बापाला म्हणाली, "आबा, तुमी आसं कसं बोलला?" तो तिच्यावरच खेकसला, "गप. गुरुजी हायेत." आणि मला चहा पाजला. मी प्यायलो.

चूक शाळेची नाही, बापाचीच ठरली, आणि अर्ज फेटाळला गेला. पुण्याला वरच्या कोर्टात जाता येतं. पण मारुतीकडं विकायला मेंढरं राहिली नाहीत. मी आजही जाऊन खरं लिहून देऊ शकतो. गेलेलो नाही. उद्या जाईन, असंही म्हणत नाही. एवढं खोटं पुरे.

रेणुका आता कापूरहोळजवळ एका ढाब्यावर भाकऱ्या थापते. परवा एसटी तिथं थांबली. मी खिडकीशी होतो, उतरलो नाही. मालक तिला आधार कार्डावरच्या, म्हणजे शाळेच्या दाखल्यावरून चढलेल्या नावानं हाक मारतो. "हौसा, दोन भाकरी!" तो ओरडला, आणि ती "आले" म्हणाली. मागं वळून बघितलं नाही तिनं.