एबाच्या दोन रिंगा

थोरा ब्रोगोरच्या घरात पाऊल टाकलं की आधी दिसायच्या किल्ल्या. कोट अडकवायच्या खुंट्यांशेजारी एक लाकडी फळी, फळीला पितळी हूक आणि प्रत्येक हुकाला गावातल्या एकेका म्हाताऱ्या माणसाची किल्ली. कुणाच्या किल्लीला लाल लोकरीचा गोंडा, कुणाच्या किल्लीला बिअरच्या बाटलीचं बूच. कुणाची कुठली, हे थोराला अंधारात हात लावूनही सांगता यायचं.

खाडीकाठच्या त्या डॅनिश गावात निवृत्त मंडळींचं एक मंडळ होतं आणि थोरा त्याचा कणा होती. तिला मात्र असं कुणी म्हटलेलं खपायचं नाही. "मी नुसती किल्ल्या राखते," म्हणायची. उभी हयात तिनं मासळीच्या कारखान्यात सुरी चालवली. नवरा वाल्डेमार फुफ्फुसाच्या दुखण्यानं गेला, मुलगी कोपनहेगनला. मग कारखाना सुटला आणि हात मोकळे पडले. थोराचे हात मोकळे राहणारे नव्हते. महिन्याच्या पहिल्या मंगळवारी चर्चशेजारच्या सभागृहात कॉफी आणि बँकोचा, म्हणजे पुकारलेले आकडे जुळवायचा, खेळ, मध्यात एकदा वाटाण्याचं सूप, शेवटच्या शनिवारी वृद्धाश्रमात जाऊन गाणी. शिवाय कुणाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं, कुणाच्या दारातला बर्फ ओढायचा, मच्छीमारांच्या मुलांसाठी मोजे विणायचे. आणि या सगळ्याच्या वर, रोज सकाळी, साखळी.

साखळी थोरानंच सुरू केली. गावात एक म्हातारा घरात मरून पडला होता आणि दारापुढं दुधाच्या बाटल्या साचल्या तेव्हा लोकांना कळलं. त्यानंतर ठरलं ते असं. सकाळी उजाडलं की थोरा इंगेरला फोन करणार, इंगेर पुढच्याला, पुढचा त्याच्या पुढच्याला. सगळ्यात शेवटी गुन्नार एबाला फोन करणार आणि एबा परत थोराला. फोन फिरून थोराकडे आला की साखळी जुळली, सगळे जिवंत. मध्ये कुणी फोन उचलला नाही, तर करणाऱ्यानं पुढं न जाता सरळ थोराला सांगायचं, आणि थोरानं किल्ली घेऊन निघायचं. थोरानं अशी दारं उघडली होती. कुणी न्हाणीघरात पाय घसरून पडलेलं असायचं, कुणी नुसतंच गाढ झोपलेलं. आणि कुणी उठणार नाही असं.

एबा टेकाडावर राहायची. कोंबड्या पाळायची, माणसांशी जेवढ्यास तेवढं. फोनवर बोलायला पैसे पडतात हे तिला पटायचंच नाही.

"तुला काय सांगायचंय मला सकाळी सकाळी? मी जिवंत आहे एवढंच ना? मग मी दोन रिंगा देते आणि ठेवते. तू उचलू नकोस. फुकटात काम."

"आणि मरायला टेकली असलीस तर?"

"तर तिसरी देईन," एबा म्हणाली. "पण उचलायची घाई करू नकोस. विचार करायला वेळ दे."

नियमात हे बसत नव्हतं. पण थोरानं चालवून घेतलं. एबाच्या रिंगा म्हणजे एबाच. दोन्ही पूर्ण, सावकाश, ताटलीतला शेवटचा कण पुसून घ्यावा तशा. दुसरी रिंग संपायची, घर गप्प व्हायचं आणि थोरा कॉफीचं भांडं शेगडीवर चढवायची.

त्या साली खाडी गोठली होती. नाताळ उलटल्यावर एका सकाळी एबानं गुन्नारचा फोन उचलला नाही. थोरा किल्ली घेऊन टेकाड चढली, वाटेत आपटली, गुडघा फोडून घेतला आणि लंगडत दारी पोचली, तर एबा खुराड्यात कोंबड्यांना कोमट पाणी पाजत उभी.

"काय गं, मेले वाटलं?" एबा म्हणाली. "आत ये. तूच मेल्यासारखी दिसतेयस."

ते सगळ्या गावानं हसण्यावारी नेलं. गुडघा मात्र सुजलेलाच राहिला.

मग तो फेब्रुवारीचा मंगळवार आला, बँकोचा. सकाळी फोन वाजला. एक रिंग. मग दुसरी, आणि ती मध्येच तुटली. थोराचा हात कॉफीच्या डब्यावर होता. आज एबाला घाई दिसते, असं काहीसं तिच्या मनात आलं आणि तिनं भांडं चढवलं. दुपारी सभागृहात एबाची खुर्ची रिकामी राहिली, पण बँकोला एबा निम्म्या वेळा यायचीच नाही. गुन्नार आकडे पुकारत होता. मासळी बाजारात लिलाव पुकारण्यात त्याचा जन्म गेला होता. गप्प बसणं हे त्याच्या अंगातच नव्हतं. थोराला त्या दिवशी बक्षीस म्हणून साखरेची पिशवी लागली. ती हसली होती. हे तिला नंतर फार आठवायचं, की आपण हसलो होतो.

बुधवारी सकाळी गुन्नारचा फोन आला. "एबा उचलत नाही," तो म्हणाला आणि पुढं बोललाच नाही.

एबा स्वयंपाकघरात जमिनीवर पडलेली होती. फोन भिंतीला होता. तिचा एक हात त्याच बाजूला लांब झालेला होता. चूल थंड, खिडकीच्या आतल्या अंगाला बर्फाची नक्षी.

डॉक्टर म्हणाले, सोमवारची रात्र की मंगळवारची सकाळ, एवढ्या थंडीत नक्की सांगता येत नाही.

"मंगळवारी सकाळी तिनं मला रिंग दिली," थोरा म्हणाली.

"मग मंगळवार," डॉक्टर म्हणाले. आणि दगडावर मंगळवारची तारीख कोरली गेली.

त्या दिवसापासून ती तुटकी रिंग थोराच्या घरात राहायला आली.

एबानं कधी दुसरी रिंग अर्धी टाकली नव्हती. म्हणजे तिच्या हातातून फोन निसटला असणार. ती पडली असणार, सरपटत भिंतीपर्यंत गेली असणार, कशीबशी तबकडी फिरवली असणार, तिसरी रिंग द्यायची होती तिला, आणि दुसरीतच हात सुटला. आणि आपण काय केलं, तर कॉफी चढवली. दुपारी साखर जिंकली. ती साखरेची पिशवी थोरानं उघडलीच नाही, फडताळात मागं ढकलून दिली. बर्फ ओढताना, मोजे विणताना, वृद्धाश्रमात गाणं म्हणताना मधूनच तिच्या कानात एक रिंग वाजायची पूर्ण आणि एक वाजायची अर्धी. ती सूर सोडून दाराकडे बघायची. कधी कधी भर दुपारी फोनजवळ जाऊन उभी राहायची. वाजलाय की नाही, हे तिचं तिलाच सांगता यायचं नाही.

मंडळात एक रीत होती. कुणी गेलं की त्याच्या जागेवर त्याचा कप बशीवर पालथा घालून ठेवायचा. पुढच्या महिन्याच्या बैठकीला ज्यानं तो सुलटा केला, त्यानं त्यातली पहिली कॉफी तळापर्यंत प्यायची आणि गेलेल्याचं काम उचलायचं. एबाचं काम म्हणजे साखळी जुळवणं. तिच्या पश्चात गुन्नारच थोराला फोन करत होता, तात्पुरतं म्हणून. पण मार्च गेला, एप्रिल गेला, कप पालथाच होता.

"अगं, धूळ बसली त्याच्यावर," इंगेर म्हणाली. कॉफीचं खातं तिच्याकडे. "कुणीतरी सुलटा करायला पाहिजे ना."

"मी असेपर्यंत कुणी हात लावायचा नाही."

"मग काय, एबा येऊन करणारे?"

गुन्नार शेजारीच बसला होता. त्याला काहीतरी बोलायला हवं होतं, एरवी तो बोललाही असता. पण तो उठला आणि खुर्च्या लावायला गेला. थोरानं तेव्हाच मनाशी धरलं होतं की मेमध्ये सगळ्यांच्या किल्ल्या परत करायच्या. जिला मदतीची हाक कळली नाही, तिच्याकडे लोकांनी आपली दारं ठेवू नयेत.

मेच्या बैठकीच्या आदल्या दिवशी इंगेर सांगत आली, "गुन्नारचा घसा बसलाय. अक्षर उमटत नाही. उद्या तो एबासारख्या दोन रिंगा देईन म्हणाला, चालेल ना? मला तर वाटतं, गावाला एक दिवस तरी शांतता."

थोरा म्हणाली, चालेल.

सकाळ झाली. साखळी तिच्या दारातून निघून गावभर फिरत होती, आणि ती खुर्ची ओढून फोनसमोर बसली होती. ऊन खिडकीतून किल्ल्यांवर आलं होतं. एबाची किल्ली अजून हुकाला होती, मागायला कुणी आलंच नव्हतं. फोन वाजला. एक रिंग. मग दुसरी, आणि ती मध्येच तुटली.

तीच रिंग, अगदी तिथंच तुटलेली. घाईच्या माणसाची. पुकारलं, विकलं, पुढचा खोका आणा. उभ्या जन्मात कुठलीच गोष्ट शेवटापर्यंत ऐकून न घेणाऱ्या माणसाची रिंग. तिनं कोट चढवला आणि गुन्नारची किल्ली हुकावरून काढली. किल्लीची गरज नव्हती, दार उघडंच असायचं. तरी काढली.

गुन्नार गळ्याला पंचा गुंडाळून टेबलाशी बसला होता. समोर काळा पाव, हात न लावलेला. थोरानं किल्ली टेबलावर ठेवली तेव्हा त्यानं तिच्याकडे बघितलं आणि त्याला कळलं.

"ती रिंग तुझी होती," थोरा म्हणाली.

त्यानं मान हलवली. मग कुजबुजत बोलायला लागला. सगळ्या बंदराला ऐकू जाणारा तो आवाज, आता पानाच्या सळसळीएवढा.

"मी खूप वेळ वाजवत ठेवला. तिनं उचलला नाही. म्हटलं, कोंबड्यांत असेल. तुझा गुडघा, टेकाडावर काचेसारखा बर्फ. तुला सांगितलं असतं तर तू गेली असतीस."

"गेले असते."

"हो. म्हणून तिच्या जागी मीच दोन रिंगा दिल्या. म्हटलं, दुपारी बँकोला आली नाही तर मी जाईन वर." त्यानं पाव बाजूला सारला. "आली नाही. बँको संपेस्तोवर अंधार पडला. म्हटलं, उद्या."

बाहेर बंदरात कुणाच्या तरी बोटीचं इंजिन सुरू झालं आणि दूर गेलं.

"मग तू डॉक्टरला म्हणालीस, तिनं रिंग दिली. तुझं तोंड बघवत नव्हतं, तरी मला वाटलं तुला तेवढाच आधार आहे. तिनं जाताना तुला रिंग दिली, असा. मग कसं सांगू?"

"आधार?" थोरा म्हणाली. "अरे, मी रोज तिला जमिनीवरून सरपटत फोनपर्यंत आणतेय. रोज तिचा हात सुटतो. आणि मी कॉफी चढवते."

गुन्नारनं डोळ्यांवर हात घेतला. एबा फोनपर्यंत आलीच नव्हती. तिनं हाक मारली नव्हती. थोराच्या छातीवरचं काहीतरी उठलं, हे तिला स्पष्ट कळलं, आणि ते उठून टेबलाच्या पलीकडे जाऊन बसलं हेही तिला दिसलं. कारण गुन्नारच्या फोनच्या वेळी एबा गेलेली होती की नुसती उचलू शकत नव्हती, हे आता कुणालाच कधी सांगता येणार नव्हतं. दगडावर मात्र मंगळवार होता. गुन्नारच्या बोटांनी कोरलेला.

ती उठली. दाराशी जाऊन म्हणाली, "दुपारी ये. आवाज नसला तरी ये."

सभागृहात इंगेरनं कॉफी ओतायला घेतली होती. थोरा एबाच्या खुर्चीमागं उभी राहिली. गुन्नार आला तशी तिनं खुर्ची ओढून दिली. तो बसला नाही. त्यानं पालथ्या कपावर हात ठेवला, बराच वेळ, आणि मग सुलटा केला. बशीवर एक कोरडं वर्तुळ होतं.

"त्या मंगळवारी," तो म्हणाला. कुणाला ऐकू गेलं नाही. सगळे आपोआप गप्प झाले. "एबानं फोन उचलला नव्हता. थोराला रिंगा मी दिल्या. एबानं नाही."

वेलदोड्याच्या गोड पावाचं ताट हातोहात फिरत होतं, ते कुणाच्या तरी हातात तसंच राहिलं. या गावात लोक रागावले की बोलत नाहीत आणि कळवळले तरी बोलत नाहीत. कुणी खाली बघितलं, कुणी थोराकडे. शेवटी इंगेर किटली घेऊन पुढं झाली आणि एबाचा कप काठोकाठ भरला.

"पी," ती म्हणाली. "गार होतंय."

तो तळापर्यंत प्याला. मध्ये दोनदा थांबावं लागलं.

दुसऱ्या दिवशी किल्ल्या फळीवरच राहिल्या. गुन्नारचा आवाज आठवड्याभरानं परतला, पण पूर्वीचा नव्हता. आकडे पुकारताना आता तो मध्ये थांबतो, कुणीतरी काही म्हणतंय का ते ऐकत असल्यासारखा. सकाळी तोच साखळी जुळवतो. फोन वाजतो. तिसरी रिंग सुरू झाल्यावरच थोरा उचलते आणि तो म्हणतो, "जुळली." एकदा त्यानं विचारलं होतं, लवकर का उचलत नाहीस, फोनजवळच तर बसलेली असतेस.

"पहिल्या दोन तुझ्या नाहीत," थोरा म्हणाली.

त्या दोन रिंगा ती बसून ऐकते. दोन्ही पूर्ण होऊ देते. दोन रिंगांच्या मधल्या गप्पपणात टेकाडावरचं ते स्वयंपाकघर असतं, थंड चूल, खिडकीवरची नक्षी, आणि भिंतीकडे लांब झालेला हात. तो फोनसाठी लांब झाला होता की नुसताच पडला होता, हे ती अजून रोज विचारते. उत्तर येईल अशी तिची अपेक्षा नाही. पण एबानं विचार करायला वेळ दे म्हटलं होतं, म्हणून ती देते.

साखरेची पिशवी अजून फडताळात आहे.