शांताच्या नावाची घागर

मेलेल्यांची चौकशी करायला निघालेले पठाण सर कुणाच्याही दारात आधी पाणी मागत. "आल्याआल्या 'कोन मेलं' काहून विचाराव? लोक आधीच भेलेले," म्हणत.

अमरावतीच्या कॉलेजात ते संख्याशास्त्र शिकवत. मी तिथंच ऑफिसात होतो. निवृत्त होऊन मी वरूडला संत्र्याची बाग पाहू लागलो, आणि करोना ओसरल्यावर सर गावोगाव फिरू लागले. चिठ्ठ्या टाकून घरं निवडायची, घरात माणसं किती, त्या काळात गेली किती हे विचारायचं आणि त्यावरून जिल्ह्यात हजारी किती मेले याचा अंदाज बांधायचा. "दवाखान्यात मेले ते सरकारनं मोजले. घरी खाटेवर मेले ते कोनाचे?"

चिठ्ठीत माझंही घर निघालं. "या घरचं कोनी गेलं?"

"कोणी नाही."

चहा घेताना ते हसून म्हणाले, "तुमची बहीन शांताबाई येते का माहेरी? तिच्या हातचं लोनचं अजून याद येते."

"शांता गेली, सर. दुसऱ्या लाटेत. इथंच."

त्यांनी कप खाली ठेवला. "आन् आत्ता कोनी नाई म्हनलं तुमी?"

"ती हिवरखेडची झाली ना, लग्न झाल्यापासून."

सरांनी तिथल्या तिथं तिच्या दिराला फोन लावायला सांगितला. तो म्हणाला, "आमच्या घरचं कोनी नाई गेलं. वहिनी माहेरी वारली."

"म्हनून बायका कमी मेलेल्या दिसून राहिल्या मले," सर हळूच म्हणाले. "वासुदेवराव, माह्या सवालातच खोट होती. आता सारी घरं पुन्हा. तुमी चला संगं. भावानं विचारलं तं लोक सांगतीन."

बागेत संत्र्यांचा तोडा चालू आहे, असं मी सांगितलं. तोडा कधीच संपला होता. शांताला धाप लागली, तेव्हा मी गाडी काढली नव्हती. आधी दिराला फोन केला होता, 'तुमचं माणूस घेऊन जा' म्हणून. तो येईन येईन म्हणत राहिला आणि मी वाट पाहत राहिलो. हे ओझं घेऊन दारोदार कसा जाणार होतो?

सर एकटेच उन्हातान्हात फिरले. अर्धी गावं झाली आणि एका सकाळी हृदय बंद पडून गेले. बाकीच्या गावांतल्या लेकी मोजायच्या राहिल्या.

यंदा अक्षय तृतीयेला पितरांच्या घागरी भरताना मी एक जास्तीची भरली. बायको म्हणाली, "लेकीची घागर सासरी भरतात."

"ती इथं गेली," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सरांच्या राहिलेल्या गावांपैकी एका गावात गेलो. पहिल्याच दारात पाणी मागितलं. पाणी पिऊन झाल्यावर काही विचारण्याआधी माझ्या घरचं सांगितलं.