विलायती दुनळीचा गंज

आज मी त्याला बंकटतात्या म्हणतो. तेव्हा नुसतं बंकट म्हणायचो. नेकनूरकडं आमचा मळा, तो आमचा राखणदार. आजोबांनी हैदराबादहून आणलेली विलायती दुनळी बंदूक घेऊन त्यानं तीस वर्षं रानडुकरं हाकलली. लायसन आमचं, पण जीव त्याचा. तेल, फडकं आणि नळ्या पुसायचा लांब गज घेऊन बसला, की बायको कडूबाई म्हणायची, "माज्या केसांना कदी येवढं तेल लावलं का?"

दसऱ्याला मात्र बंदूक माझ्या ताब्यात. देवघरात तिला दुधानं न्हाऊ घालायचो, नळ्यांतसुद्धा ओतायचो. तो उंबऱ्याबाहेरून दर साली सांगायचा, "मालक, आत दूद नगा घालू, गंज धरंल." मी खेकसायचो, "पूजा तू शिकवतो का बे मला?" मग कोजागिरीपर्यंत ती देवापुढंच. घरच्यांशिवाय कुणी हात लावायचा न्हाई.

बहात्तरला विहिरी आटल्या. रानात राखण्यासारखं काही उरलं न्हाई, म्हणून दुनळी विकायला काढली. नव्या सहकारी साखर कारखान्याचे चेअरमन राधाकिशनराव बघायला आले. जुन्या बंदुकांचा त्यांना लई नाद. म्हणाले, "कारखान्यावर पहारेकरी पायजेच हाय. बंदूक सांभाळणारा हाच ना? ह्यालाच घेतो." बंकटतात्या पोरासारखा हसला. दुष्काळी कामावर खडी फोडून त्याच्या हातांची सालटं निघाली होती.

राधाकिशनरावांनी नळ्या उजेडाकडं धरल्या. आत गंजाचे खड्डेच खड्डे.

"अरारा! हे कुणाचं काम?"

ओसरीवर गावातली माणसं बसलेली. तिथंच मी शेण खाल्लं. म्हणालो, "बंकटचं. तोच सांभाळतो."

बंकटतात्यानं एकदा माझ्याकडं बघितलं. मग मान खाली घालून म्हणाला, "व्हय जी. माजी हयगय झाली."

"मग कारखाना काय सांभाळशील?" म्हणत राधाकिशनराव उठले. बंदूकही घेतली न्हाई.

संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो. "कावून खोटं बोललास?"

"खाल्ल्या घरचे वासे मोजू का, मालक?"

कडूबाईनं भाकरी थापायची थांबवली. "वासे जाऊ द्या. ह्येंची नोकरी गेली, त्येचं काय?"

"उद्या चेअरमनला खरं सांगतो," मी म्हणालो.

गेलो की! दारात पाच-सहा जणांचे जोडे दिसले. एवढ्यांसमोर तोंड उघडायचा धीर होईना. माघारी फिरलो, आणि पुन्हा काही गेलो न्हाई.

बंकटतात्या पुढच्या पावसाळ्यापर्यंत खडीच फोडत राहिला. वाटेत भेटला, की आधी रामराम तोच घालायचा.