ट्रकवाल्यांची वायफायवाली

आमच्या ऑफिसात कामं साचत नाहीत, कारण मुळात कामं फारशी नाहीत. किस्से मात्र साचतात. आमच्या नल्लकुंट्यातल्या मैत्रिणी भेटल्या की आधी विचारतात, "आज तुझे ट्रकवाले काय म्हणाले?" बाळ कसं आहे ते नंतर. बाळाची आई म्हणून मला याचं वाईट वाटायला हवं. वाटत नाही, आणि ते वाटत नाही याचंच रात्रंदिवस वाटत राहतं.

तर काम असं आहे. रिंग रोडला लागून ट्रक थांबायच्या मोठ्या जागा आहेत. हॉटेल, पंक्चरवाला, आंघोळीला नळ, बाकी सगळं मैदान. तिथे आमची कंपनी ड्रायव्हर लोकांना वायफाय विकते. काउंटरवर कूपन घ्यायचं, खरवडून नंबर काढायचा, फोनमध्ये टाकायचा. कूपनच्या मागे छापलंय, 'नेट न चालल्यास या नंबरवर फोन करा.' 'न चालल्यास' हा आमच्या सरांचा आशावाद. नंबर माझा.

कंपनी म्हणजे गौलीगुड्यात स्पेअर पार्टच्या दुकानावरच्या दोन खोल्या, सर, इंजिनिअर इमरान, आणि घरून फोन घेणारी मी. मांडीवर आमची सई, आठ महिन्यांची. बाळंतपणानंतर मी बऱ्याच मुलाखती दिल्या. सगळीकडे विचारायचे, "बाळाला कोण बघणार?" मी म्हणायचे, "मीच." मग ते म्हणायचे, "कळवतो." या एकाच ठिकाणी सरांनी ते विचारलं नाही. बहुतेक विसरले असतील.

म्हणून ही नोकरी मला टिकवायची होती, आणि ती टिकणं होतं मल्लेश अन्नांच्या हातात. आमच्या बाकीच्या जागा चिल्लर. मोठा ट्रक स्टॉप काय तो अन्नांचा. आमचा वायफायचा डबा त्यांच्या हॉटेलात गल्ल्यामागे बसवलेला. अन्नांनी सरांना सांगून ठेवलं होतं, "दसरे तक देखता मैं. नईं जमा तो डब्बा लेके जाव." डबा गेला की ऑफिस गेलं, आणि मी परत 'कळवतो'च्या रांगेत.

* * *

सरांनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, कुणाचाही फोन आला की आधी फोन बंद करून चालू करायला सांगायचं.

पहिला फोन आला. "मॅडम, फोन में खाली चक्री फिररई. नेट नईं आरा."

मी आवाजात साखर घालून म्हटलं, "भैय्या, एक बार फोन बंद करके चालू करो."

माणूस आज्ञाधारक. लगेच बंद केला. लाइन कट. मी आपली 'हॅलो, हॅलो' करत बसले. तो त्याच फोनवरून माझ्याशी बोलत होता, हे लक्षात यायला मला बराच वेळ लागला. माझी एम.एस्सी. फिजिक्समध्ये आहे, हे मी सहसा कुणाला सांगत नाही.

थोड्या वेळानं परत फोन. "किया मॅडम. अब?"

"नेट आया?"

"नईं. आप आ गए."

* * *

सई रडायला लागली की मी फोनवर हात ठेवते. हात लहान, आवाज मोठा. एकदा उदगीरचे एक ड्रायव्हर तक्रार सांगत होते आणि इकडे हिनं सूर लावलेला. मी 'सॉरी हां दादा' म्हणत एका हातानं तिला थोपटत होते.

ते म्हणाले, "आधी तिचं बघा ताई. ती उगी तरी राहील. तुमच्या नेटचं काय सांगता येतंय."

दुसऱ्या दिवशी पुन्हा त्यांचा फोन. मी नेटबद्दल माफी मागायला सुरुवात केली. "ते राहू द्या हो," ते म्हणाले. "झोपली का काल?"

झोपली म्हटलं. "पोटात गॅस होता."

"मग माझी तक्रार मिटली असं लिहा."

सोमवारी सरांनी कौतुकानं विचारलं, ही तक्रार इतक्या लवकर कशी मिटवली. 'ओव्याचा शेक दिला' हे खरं उत्तर होतं. मी म्हटलं, "सेटिंग बदललं, सर."

* * *

इमरान दर आठवड्याला अन्नांकडे जाऊन टेस्टिंग करायचा. दुपारी जायचा, कारण ऊन असलं तरी ट्रॅफिक नसतं. स्पीडचे स्क्रीनशॉट पाठवायचा. स्पीड असा, की आमच्या घरात तसा यायला हवा. आणि संध्याकाळी माझ्या फोनवर शिव्यांची रांग. दुपारी इमरान खरा, संध्याकाळी ड्रायव्हर खरे.

"झूट बोलरे वो लोगां," इमरान म्हणायचा. मी मान हलवायचे, कारण माझी थिअरी होती की संध्याकाळी गर्दी वाढते म्हणून स्पीड घटतो. ती मी सरांना सोमवारी ऑफिसच्या फळ्यावर आकृती काढून समजावलीसुद्धा होती.

शेवटी सरांनी त्याला संध्याकाळी पाठवला. इमराननं गल्ल्याजवळून आपल्याच वायफायवर मला फोन लावला, "मॅडम, एकदम फर्स्ट क्लास चलरा." बोलत बोलत तो मैदानात गेला आणि आवाज तुटायला लागला. मग आवाजच गेला. बऱ्याच वेळानं परत आला, दमलेला.

"क्या हुआ?"

"कंटेनर के पीछे था. सब लोहा है, मॅडम. जित्ते गिऱ्हाईक आते, उत्ती दीवारां खडी होतीं."

म्हणजे गिऱ्हाईक नसतील तेव्हा आमची सर्व्हिस उत्तम होती.  पुढच्या सोमवारी सरांनी फळ्यावरची माझी आकृती पुसली.

* * *

त्याच दिवसांतला एक फोन. लातूरचा ड्रायव्हर, दुसऱ्याच्या फोनवरून. "ताई, माझी बायको अडकली."

मी सईला मांडीवरून खाली ठेवलं. "कुठे?"

"फोनमध्ये. व्हिडिओ कॉल चालू होता. तोंड उघडं ठेवून अडकलीय. मधे एक कंटेनर येऊन उभा राहिला."

तेवढ्यात कंटेनरवाल्यानं फोन हिसकावला. हरियाणाचा गडी. "मॅडम जी, इसकी घरवाली के लिए मैं गाड़ी हटाऊं? इसकी घरवाली मेरी ड्यूटी है क्या?"

मी हिंदीत त्याला विनवलं, मराठीत याला शांत केलं, आणि मधेच सईच्या तोंडातून चार्जरची वायर काढली. शेवटी तो गडी बडबडत गाडीत चढला आणि कंटेनर पुढे घेतला. पलीकडून बाईंचा खणखणीत आवाज सुरू झाला, जिथे तुटला होता तिथूनच. पहिली दोन वाक्यं मलाही ऐकू आली. दिराच्या लग्नाचा विषय होता.

मग लातूरकर फोन तोंडाजवळ धरून हळूच म्हणाले, "ताई, त्याला परत मधे आणायला सांगता का?"

* * *

एकदा सर स्वतः पाहणीला गेले. सर दिसायला कडक, पण फोनच्या बाबतीत माझ्या सासूबाईंच्याच वर्गातले. हॉटेलात बसून त्यांनी वायफायची यादी उघडली आणि गंभीर झाले. तिथूनच मला फोन.

"अपने इलाके में दूसरी कंपनियां घुस गईं. तुमने बताया नईं."

मी म्हटलं, शक्यच नाही सर. नावं सांगा.

त्यांनी एकेक नाव वाचलं. 'पैसे वापस करो'. 'कूपन मत लो'. 'चोर कंपनी'. ड्रायव्हर लोक आपापल्या फोनच्या हॉटस्पॉटला मनातली नावं देतात, हे सरांना कसं सांगावं ते मला सुचेना. 

"ये 'चोर कंपनी' किसकी है, पता करो," सर म्हणाले. "उनका सिग्नल अपने से अच्छा है."

* * *

सईला आंघोळ घालताना फोन सासूबाईंकडे असतो. त्यांना मी आईच म्हणते. जामबागच्या शाळेत जन्मभर मुलांना शिकवून त्या रिटायर झाल्या. नुसता वाजू द्या, उचलू नका, असं मी त्यांना शंभरदा सांगितलंय. वाजणारी वस्तू नुसती ऐकत बसणं त्यांच्या स्वभावात नाही.

एकदा बाथरूममधून मला फक्त आईंची बाजू ऐकू येत होती.

"कायकू होना नेट?... कित्ते घंटे गाडी चलाए?... खाना खाए?... आँखां देखो पहले. फोन रखो बाजू में और सो जाव. मैं बोलरई ना, सो जाव."

मी साबणाच्या हातानं धावत आले, तोवर फोन ठेवलेला. आता हा माणूस अन्नांकडे जाऊन तमाशा करणार, अन्ना डबा काढणार, अशी सगळी साखळी माझी डोळ्यांपुढे आणून झाली.

संध्याकाळी त्यानं कंपनीच्या रेटिंगच्या पानावर आम्हाला पाच स्टार दिले. कारणाच्या जागी लिहिलं होतं, 'नींद अच्छी आई.'

* * *

आणि हा दसऱ्याच्या तोंडावरचा.

लोखंडाच्या भिंतींवर इमराननं उपाय काढला. मैदानाच्या मधोमध उंच खांब रोवला आणि डबा गल्ल्यामागून उचलून त्यावर चढवला. कंटेनरांच्या डोक्यावरून सिग्नल सगळीकडे. आठवडाभर माझा फोन वाजला नाही. बंद तर पडला नाही ना, म्हणून मी आईंच्या फोनवरून दोनदा लावून पाहिला. आईंना म्हटलं, नोकरी वाचली बहुतेक. त्या म्हणाल्या, "मग तोंड असं का केलंयस?" मला चांगलं चाललेलं सोसत नाही, एवढंच.

मग सरांना अन्नांचा फोन आला. "आके डब्बा लेके जाव."

संध्याकाळी आम्ही तिघं निघालो. आई घरी नव्हत्या, म्हणून सई कडेवर, आणि महिनाभर पुरेल एवढं सामान पिशवीत. पोचलो तर मैदान ट्रकांनी गच्च भरलेलं आणि हॉटेलातले बाक रिकामे. अन्ना गल्ल्यावर एकटे. इमराननं आल्या आल्या फोन पुढे केला. "देखो अन्ना, कित्ता फास्ट."

"वोइच तो," अन्ना म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. डबा गल्ल्यामागे होता तेव्हा नेट हॉटेलातच यायचं. ड्रायव्हर गाडीतून उतरून इथे यायचे. चक्री फिरेपर्यंत एक डोसा खायचे. चक्री फिरतच राहिली की दुसरा. आता सगळे केबिनमध्ये आडवे पडून पिक्चर बघतात आणि तिथेच स्टोव्हवर खिचडी लावतात.

"तुम लोगां नेट सुधारे," अन्ना म्हणाले, "मेरा हॉटल बैठ गया."

सर 'सॉरी अन्ना, सॉरी' करत खांबाकडे वळलेसुद्धा. इमरान आपल्या फोनवरच्या स्पीडकडे असा बघत होता, की जणू पोरगं पहिलं आलं आणि शाळेनंच दाखला हातात दिला. मला 'कळवतो' म्हणणारे सगळे चेहरे ओळीनं दिसले. आणि मी काय बोलतेय हे कळायच्या आत बोलून गेले, "अन्ना, आपको नेट कहां तक होना?"

अन्नांनी माझ्याकडे पाहिलं, सईकडे पाहिलं. मग उठले. गल्ला ओलांडला, हात धुवायची टाकी ओलांडली, आणि दारातल्या डोशाच्या तव्यापाशी थांबले.

"यहां तक, अम्मा. तवे तक. तवे के आगे एक कदम नईं."

पुढे इमराननं सगळं शिक्षण पणाला लावून नेट बिघडवलं. डबा खाली आणला, गल्ल्यामागे ठेवला, बाजूला फळी मारली, मागे पत्रा. दर वेळी फोन घेऊन तव्यापर्यंत चालत जायचा आणि उतरलेल्या चेहऱ्यानं परत यायचा. "बाहर अबी भी थोडा अच्छा आरा, अन्ना."

"और कम करो."

सर पत्रा धरून उभे होते. मी सईला डोशाचा मऊ कोपरा भरवत होते. शेवटी अन्ना स्वतः बाहेरच्या बेंचवर जाऊन बसले, फोनवर बराच वेळ चक्री बघितली, आणि समाधानानं म्हणाले, "अगले दसरे तक रहने दो."

परतताना गाडीत सई झोपली. पहिल्या सिग्नलला फोन वाजला. सरांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम, नेट कट होरा."

"कहां बैठे भैय्या?"

"बाहर, बेंच पे."

"तवे के पास जाके देखो."

"गया था मॅडम. वो अन्ना पूछरा, खाने को क्या होना."

मी आवाजात साखर घातली. "भूख नईं लगी क्या, भैय्या?"