विरी गेलेलं पीठ

बाळांनो, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, पुरात तू काय मदत केलीस?" तेव्हा मी विषय बदलला. आता नीट सांगते. आठवलं की अजून माझाच मला राग येतो.

सीना नदीचं पाणी माझ्या धाकट्या जावेच्या गावात शिरलं, तेव्हा घराघरातली ज्वारी कुजली आणि गिरणीची मोटार बुडाली. जावेनं माळ्यावरचं एक पोतं तेवढं वाचवलं. ते बियाणं होतं; रान वाळून पेरण्याजोगं झालं की तेच पेरायचं. तिनं फोन केला, "अक्का, खायला कायतरी धाडा. शाळंतली खिचडी दोन दिसांत बंद हुतीया. न्हायतर ह्ये बी जात्यावर दळावं लागंल."

इथलं, सोलापुरातल्या शुक्रवार पेठेतलं आमचं महिला मंडळ गहू पाठवायला निघालं होतं. मी म्हटलं, तिथं लोक भाकरी खातात आणि गिरणी बंद आहे; ज्वारी दळूनच पाठवू. इतकं बरोबर सुचल्याचा मला केवढा अभिमान! मग माझी शिस्त सुरू झाली. दोन-दोन किलोच्या पिशव्या, प्रत्येकीवर चिठ्ठी, घरांची यादी. यादीत दोन घरं राहिली म्हणून मीच टेम्पो थांबवला. ती सापडली तर बॅनर छापून यायचा होता. बॅनर आला तर अध्यक्षीणबाई लग्नाला गेलेल्या, आणि फोटोत त्या हव्यातच. पीठ आमच्या जिन्यात बारा दिवस बसून राहिलं.

टेम्पोबरोबर मी गावात पोचले, तेव्हा जावेनं पहिली पिशवी फोडली. पहिली भाकरी थापतानाच फुटली, दुसरी तव्यावर मोडली. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, चिकटपणा उरत नाही. हे मला माहीत नव्हतं असं नाही. घरी मी आठवड्याचंच दळून आणते!

"कढत पाणी घाल," मी म्हटलं.

"घातलं की. अक्का, ह्ये पीठ हाय का रांगोळी?"

शेजारणी हसल्या. मी नाही हसले.

"असू द्या, आंबील हुईल," जाऊ म्हणाली. "पर रानात खपणाऱ्याला आंबिलीवर किती दिस ठिवायचं?"

कोपऱ्यात बियाण्याचं पोतं होतं. अर्धं. उरलेलं त्या बारा दिवसांत जात्यात गेलं होतं. पाच घरांनी मिळून खाल्लं होतं.

परतल्यावर मी तडक आमच्या खालच्या मजल्यावर कडक भाकरी करून विकणाऱ्या बाईंकडे गेले. महिनाभर टिकणारी ही भाकरी सोलापुरात लहान मूलही ओळखतं, आणि ती मला सुचली नव्हती.

"जिन्यात पिशव्या बघत हुते की मी," त्या म्हणाल्या. "म्हटलं, शिकलेल्या बाई हाईत, आपण काय सांगायचं?"

"सांगायचं होतंत!"

"तुमी ऐकाया थांबला असता व्हय?"

दुसऱ्या दिवशी जेवढ्या भाकरी झाल्या तेवढ्या घेऊन निघालो. यादी नाही, बॅनर नाही. त्यानंतर पोत्याला कुणी हात लावला नाही. पण अर्ध्या पोत्यात अर्धंच रान पेरून झालं. बाजारात बियाणं येईपर्यंत पेरणीची वेळ टळली होती.

त्या अर्ध्या रानातली ज्वारी काढल्यावर जावेनं मला एक पिशवी पाठवली. फोनवर म्हणाली, "दळून लगीच खावा अक्का. यादी करत बसू नगा."