ढाब्यावरच्या रोटीचा अंदाज

"टाइप वन डायबिटीस आहे," डॉक्टर म्हणाले. बीडच्या दवाखान्यात बारा वर्षांची माझी प्रणाली सलाईन लावून पडली होती. महिनाभर ती सारखं पाणी पीत होती, वाळत चालली होती. आम्ही समजत होतो, उन्हाळ्यानं असेल. उलट्या सुरू झाल्यावर आमच्या गावाहून, नेकनूरहून, उचलून आणलं.

टाइप वन म्हणजे शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही. ते बाहेरून, टोचूनच द्यावं लागतं. मी विचारलं, "किती दिवस?" डॉक्टर माझ्याकडे बघून हळू म्हणाले, "रोज. पण पोरगी खेळेल, शिकेल, सगळं करेल."

आहारतज्ज्ञ मॅडमनी हिशेब लिहायला वही हातात दिली आणि समजावलं. कॅलरी म्हणजे अन्नातली एकूण ताकद. कार्बोहायड्रेट म्हणजे त्यातला साखर होणारा भाग. जेवणाआधीचं इन्सुलिन या भागावरून ठरतं. घरी ते जमलं. माझी पोळी, माझी वाटी, भात किती ते ठाऊक.

बाहेर खाणं मात्र आम्ही बंदच केलं. सात महिने.

मग एकदा तपासणी करून परतताना मांजरसुंब्याला ढाब्यापाशी प्रणाली म्हणाली, "आई, आज इथं जेवू ना. लई दिवस झालेत." तिच्या वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हटलं.

शेजारच्या टेबलावर रोट्या दिसत होत्या, ताट झाकतील एवढ्या. मी घाबरून अंदाज केला, एक रोटी म्हणजे घरच्या तीन पोळ्या. ती दोन खाईल, वर थोडा जिरा राईस. त्या हिशेबानं ऑर्डर देतानाच इंजेक्शन दिलं.

शेजारची बाई बघत होती. "एवढ्या पोरीला कशाचं इंजेक्शन देताय?" तिनं विचारलं. मी सांगितलं. ती हळहळली, "अगं बाई, लग्नाचं कसं होणार हिच्या?" प्रणालीनं मान खाली घातली.

दोन गाड्या भरून माणसं आली होती, जेवण यायला उशीर झाला. आल्यावर तिनं अर्धी रोटी खाल्ली, भाताला हात लावला नाही. "भूक न्हाई," म्हणाली. मी समजावत राहिले. तेवढ्यात तिच्या कपाळावर घाम दिसला.

"आई, हात थरथरायलेत."

साखर मोजायच्या मीटरवर आकडा आला बावन्न, सत्तरच्या वर हवा. हा हायपोग्लायसेमिया, म्हणजे साखर एकदम खाली जाणं. मी पिशवीतून ग्लुकोजची पुडी काढली. तिच्या वडिलांनी पुडी फोडली, पाण्यात कालवून घोट घोट पाजली. ढाब्याचे मालक धावत आले, गाणी बंद केली, पंखा तिच्याकडे वळवला. पंधरा मिनिटांनी परत तपासलं. अठ्ठ्याहत्तर. मग तिला उरलेली रोटी खाऊ घातली. थोड्या वेळानं आकडा आणखी वर आला, तेव्हा मी तोंडावर पदर घेऊन रडले.

मालक टेबलापाशीच थांबले होते. "ताई, आमच्या जेवणात काय चुकलं का?"

"जेवण चांगलं हाय, दादा. माझा अंदाज चुकला. तुमची रोटी केवढी, तेच मला माहीत न्हाई."

ते आत गेले आणि कणकेचा एक कच्चा गोळा पिशवीत घालून घेऊन आले. "घरी वजन करा. आमचे गोळे समदे एकाच मापाचे असतेत."

पुढच्या भेटीत मी घरच्या पोळीचा गोळा आणि या गोळ्याचं वजन, दोन्ही मॅडमना दाखवलं. एक रोटी म्हणजे माझ्या दोन पोळ्या, तीन नाहीत. त्या म्हणाल्या, "अंदाज थोडा चुकणारच. पण ताट समोर आल्याशिवाय इंजेक्शन देऊ नका. आणि ती नक्की खाईल तेवढ्याचंच द्या."

परतताना प्रणाली जीपमध्ये हळूच बोलली, "ढाब्यावर ती बाई लग्नाचं बोलली म्हणून मला जेवण गेलं न्हाई." मी आकडे मोजत बसले होते, पोरीचं तोंड बघितलंच नव्हतं.

ज्यांच्या घरी असं लेकरू आहे त्यांना एवढंच सांगते. डोस तुमच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा, पण बाहेर जेवणं बंद करू नका. ताट आलं की लेकरालाच विचारा, किती खाशील. आमच्याकडे आता अंदाज तीच करते, मी फक्त ऐकते.

गेल्या महिन्यात शाळेची सहल धर्मापुरीचं देऊळ बघायला गेली. वर्गाच्या बाईंनी जबाबदारी घेतली म्हणून तिला माझ्याविना पाठवलं. दुपारी फोन आला.

"आई, एक वाटी भात, दीड पोळी, शिरा दोन चमचे. वाढल्यावर बघितलं, मग टोचलं. बाई समोर होत्या. आता एकशे अठ्ठावीस हाय."

"बरं वाटायलंय का?"

"हो. ठेव आता, समदे पुढं गेले."

फोन ठेवला. चूल विझली होती, भाकरी गार झाली होती. मी ताट वाढून घेतलं आणि कितीतरी महिन्यांनी काहीही न मोजता पोटभर जेवले.